तैनाती फौजेचे २६ लाख : रोख नव्हे, मुलूख

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वसईच्या तहावर लेख आला. त्यात 'दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौजेपोटी इंग्रजांना दरसाल २६ लाख रुपये देण्याचे कबूल केले' असे वाक्य आहे. स्पर्धा परीक्षांच्या टिपणांतही ते याच शब्दांत आढळते. आकडा बरोबर आहे, पण वाक्य चूक आहे. ३१ डिसेंबर १८०२ च्या तहात बाजीरावाने रोख रक्कम कबूल केली नाही. २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख त्याने ईस्ट इंडिया कंपनीला कायमचा तोडून दिला. हा शब्दच्छल नाही. तैनाती फौज म्हणजे खर्च देशी राजाचा आणि हुकूम कंपनीचा अशी फौज. तिची सारी कळ याच फरकात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी शब्दाबद्दल. 'तैनात' हा शब्द इंग्रजांनी आणलेला नाही. पेशवाईच्या दप्तरात 'तैनात' म्हणजे नेमून दिलेला पगार किंवा नेमणूक. सरदाराला सरंजाम, म्हणजे फौज ठेवण्यासाठी मुलखाचा वसूल, देताना तैनातजाबता होत असे. स्वार किती ठेवायचे, दर स्वारामागे किती, सरदाराची स्वतःची नेमणूक किती आणि त्यापोटी कोणते महाल (वसुलीचे परगणे) लावून दिले, हे सगळे त्यात येई. पुढे गणती व्हायची. स्वार कमी भरले तर पैसा कापायचा, बेइमानी झाली तर सरंजाम जप्त करायचा. उत्तर पेशवाईत ही गणती ढिली पडली, हे खरे. पण फौजेसाठी मुलूख लावून देणे ही आपल्याकडची जुनीच रीत होती. वसईला बाजीराव काहीतरी अघटित करून बसला असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. महादजी शिंद्यांनीही आपला युरोपीय सेनानी द बॉयन याच्या पलटणींसाठी दोआबातला मुलूख जायदाद म्हणून लावून दिला होता. सरंजामात जप्तीचा हक्क सरकारकडे राहत असे. वसईच्या तहात तो राहिला नाही, नवे होते ते एवढेच.

आता तहातले आकडे. निदान ६ हजार शिपायांचे कवायती पायदळ, त्याला लागणाऱ्या मैदानी तोफा आणि तोफांवर गोरे गोलंदाज. ही फौज कायम पेशव्याच्या मुलखात राहायची. बदल्यात गुजरात व सुरतेकडचे महाल आणि दक्षिणेत सावनूर, बंकापूरचा भाग मिळून २६ लाखांचा मुलूख. याखेरीज सुरतेवरचा हक्क सोडायचा, इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या देशाचे युरोपीय नोकरीत ठेवायचे नाहीत, निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेले तंटे कंपनीच्या लवादाने मिटवायचे आणि कंपनीला विचारल्यावाचून दुसऱ्या दरबाराशी बोलणे करायचे नाही.

माणशी हिशेब केला तर २६ लाख भागिले ६ हजार म्हणजे वर्षाला सुमारे ४३३ रुपये. निजामाने १७९८ मध्ये ६ पलटणींसाठी २४ लाख १७ हजार १०० रुपये कबूल केले होते. पलटणीत हजार शिपाई धरले तर तो दर ४०३ च्या आसपास येतो. बडोद्याच्या गायकवाडांनी १८०५ च्या तहात ३ हजार पायदळ व तोफखान्यासाठी ११ लाख ७० हजारांचा मुलूख दिला, म्हणजे माणशी ३९०. तिन्ही दरबारांत दर साधारण एकच, पेशव्याला थोडा चढा. कंपनीच्या शिपायाचा मूळ पगार मात्र महिन्याला ७ रुपयांच्या घरात होता, म्हणजे ६ हजारांचा वर्षाचा पगार ५ लाख ४ हजार. बाकीचे सगळे लुटीत गेले असे म्हणणे सोपे असले तरी तसे नाही. गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार, मोहिमेचा भत्ता, तोफा, दारूगोळा, बैल आणि कोठार हे खर्च पगारापेक्षा मोठेच होते. तरीही ज्याच्या मुलखातून हा पैसा निघत होता, त्याला खर्चाचा कागद तपासायला मिळत नव्हता.

कंपनीने रोख सोडून मुलूख का मागितला? कारण रोखीचा अनुभव तिला अर्काटात, म्हणजे आजच्या तमिळनाडूत, आला होता. त्या मुलखाला तेव्हा कर्नाटक म्हणत. कर्नाटकच्या नबाबाने, म्हणजे महंमद अली वालाजाहने, फौजेचा पैसा हप्त्यांनी देण्याचे मान्य केले होते. शेतसारा पिकावर येतो. पाऊस लांबला की तोही लांबतो. फौजेचा पगार मात्र महिन्याच्या महिन्याला लागतो. मधली तूट भरायला नबाब कर्ज काढी आणि ते देणारे कोण, तर मद्रासेतले कंपनीचेच नोकर. पॉल बेनफिल्ड हे त्यांतले सर्वांत बदनाम नाव. कंपनीचा हप्ता भरण्यासाठी कंपनीच्याच नोकरांकडून जबर व्याजाने पैसा घ्यायचा, तारण म्हणून जिल्ह्यांचा वसूल लिहून द्यायचा आणि त्यामुळे पुढच्या हप्त्याला वसूल आणखी कमी पडायचा, असे ते चक्र होते. १७८५ मध्ये एडमंड बर्कने या कर्जांवरून पार्लमेंट दणाणून सोडले. १७९२ च्या करारात नबाबाच्या अंगावर वर्षाला ९ लाख होन (सोन्याची नाणी) फौजेचे आणि ६ लाख २१ हजारांवर होन धनकोंचे, असा बोजा होता. १८०१ मध्ये कर्नाटक खालसा झाले.

नाण्यांची भानगड वेगळीच. अंकुशी, चांदवडी, सुरती, अर्काटी अशा तऱ्हेतऱ्हेच्या रुपयांना बट्टा लागे, म्हणजे बदलून घेताना किंमत कापली जाई. तहात लाखाचा आकडा पाहून थांबणाऱ्याने तो कोणत्या रुपयातला, हेही विचारावे.

अयोध्येच्या, म्हणजे अवधच्या, नबाबाच्या राज्यात हप्ता चढत कसा जातो ते दिसते. १७९८ मध्ये सादत अली खानाला गादीवर बसवताना कंपनीने सालाना रक्कम ५५ लाखांच्या आसपास होती ती ७६ लाखांवर नेली, अलाहाबादचा किल्लाही घेतला. तीनच वर्षांनी, नोव्हेंबर १८०१ मध्ये, फौज वाढवल्याचे सांगून १ कोटी ३५ लाखांचा मुलूख घेतला. नबाबाच्या हाती राज्य उरले ते निम्मे. निजामाने १८०० च्या तहात बळ्ळारी-कडप्पाचा मुलूख दिला. तो त्याला १७९२ आणि १७९९ मध्ये टिपूकडून मिळालेला होता. इंग्रजांबरोबर लढून मिळवलेला मुलूख इंग्रजांच्याच फौजेपोटी परत गेला. तेव्हा गव्हर्नर जनरल वेलस्ली १८०२ मध्ये बाजीरावापुढे काय ठेवणार, हे पुण्यात कुणालाही आधी वाचता आले असते. हैदराबादचा कागद दोन वर्षांचा होता, लखनौचा एका वर्षाचा.

बाजीरावाने ते वाचले नव्हते असेही नाही. हडपसरच्या लढाईच्या आधी फौज घ्यायला तो तयार होता, पण तिने कंपनीच्या हद्दीत राहावे आणि बोलावल्यावर यावे, असा त्याचा आग्रह होता. हा मुद्दा बरोबर होता, नाना फडणवीसांच्या पठडीतला होता. १७९० मध्ये टिपूविरुद्ध तह करून नानांनी इंग्रजांच्या पलटणी परशुरामभाऊ पटवर्धनांबरोबर धारवाडच्या वेढ्यात वापरल्या. मोहीम आटोपली, पलटणी परत गेल्या. पण २५ ऑक्टोबर १८०२ ला यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसरला शिंद्यांची आणि पेशव्याची फौज मोडली, बाजीराव सिंहगड-महाडमार्गे कोकणात उतरला आणि इंग्रजांच्या जहाजातून वसईला पोचला. आता घासाघीस करायला हातात काही नव्हते.

आपल्या लेखात ही फौज 'पेशव्याच्या दिमतीला' होती असे म्हटले आहे. तहात तिच्या कामांची यादी आहे आणि ती वाचण्यासारखी आहे. पेशव्याच्या जिवाचे रक्षण, बंडखोरांचा बंदोबस्त, सरकारचा रास्त वसूल अडवून धरणाऱ्यांना शासन ही मोठी कामे ती करील. किरकोळ कामांना ती मिळणार नाही. सेबंदीसारखी (वसुलीच्या शिबंदीसारखी) गावोगाव वसुलीला बसणार नाही. मराठी राज्यातल्या मोठ्या सरदारांवर चालून जाणार नाही. मुलूखगिरी, म्हणजे स्वारी करून खंडणी वसूल करणे, करणार नाही. म्हणजे पेशव्याची फौज ज्या कामांवर रोज राबायची, नेमकी ती कामे वगळलेली. त्या कामांसाठी वेगळी सेबंदी ठेवायची आणि तिचा पगार उरलेल्या मुलखातून काढायचा. बाजीरावाने पुढे महाल इजाऱ्याने, म्हणजे वसुलीच्या मक्त्याने, द्यायचा सपाटा लावला. त्याला त्याचा लोभ कारण होताच, पण हा दुहेरी खर्चही होता.

याच काळात युरोपात काय चालले होते, ते शेजारी ठेवून पाहावे. १७९५ च्या मे महिन्यात फ्रेंच प्रजासत्ताकाने हॉलंडशी हेग येथे तह केला. हॉलंडने १० कोटी गिल्डर द्यायचे, मास्ट्रिख्टसह काही प्रदेश सोडायचा आणि २५ हजार फ्रेंच सैनिक आपल्या खर्चाने पोसायचे. समतेची घोषणा देणारी क्रांती आणि वेलस्लीसारखा उमराव, दोघांचा हिशेब सारखाच. त्याच्या आदल्या वर्षी इंग्लंडला याची उलटी बाजू दिसली होती. ६२ हजार ४०० सैनिकांसाठी प्रशियाला दरमहा ५० हजार पौंड देण्याचा करार झाला. पैसा लंडनचा, हुकूम बर्लिनचा. लंडनला हवे तिथे ते सैन्य लढेना, तेव्हा त्याच वर्षी पैसा बंद करावा लागला. पैसा देणाऱ्याच्या हाती सेनापती नसला की काय होते, हे इंग्रज मंत्र्यांना हिंदुस्थानातल्या राजांपेक्षा चांगले ठाऊक होते. फरक इतकाच की लंडनला पैसा थांबवता आला. मुलूख दिलेल्याला थांबवायला काही उरत नाही.

बाजीरावाने एक सौदा मात्र बरा केला आणि तो कुणी सांगत नाही. डिसेंबर १८०३ च्या पुरवणी करारात सावनूर-बंकापूर त्याने परत घेतले, आपले सरदार विंचूरकर यांच्यासाठी गुजरातेतले ओलपाडही सोडवून घेतले. बदल्यात बुंदेलखंडातला ३६ लाख १६ हजारांचा मुलूख दिला. आकडा मोठा दिसतो. पण बुंदेलखंडात पेशव्याचा अंमल तोवर कागदावरच उरला होता. तिथला वसूल पुण्याला येतच नव्हता. न येणारे ३६ लाख देऊन येणारे महाल परत घेणे हा तोट्याचा व्यवहार म्हणता येणार नाही. अर्थात कंपनीलाही यमुनेच्या दक्षिणेची बाजू हवी होती. तहनाम्यात मांडलेले उत्पन्न आणि हाती पडणारा वसूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दिसते.

खरी अडचण लवादाच्या कलमाने केली. गायकवाडांकडे पेशव्याची जुनी बाकी मोठी होती आणि अहमदाबादच्या इजाऱ्याचा प्रश्न होता. पूर्वी असा तंटा फौज पाठवून किंवा फौजेची भीती घालून मिटे. आता मध्ये कंपनी. तिच्या हमीवर गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन पुण्याला आले आणि जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. खुनाचा ठपका आलेले बाजीरावाचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे ठाण्याच्या तुरुंगात गेले, तिथून पळाले. प्रकरण १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहावर येऊन थांबले. गायकवाडांवरचा सगळा दावा वर्षाला ४ लाखांवर तुटला आणि ५ हजार घोडदळ व ३ हजार पायदळासाठी आणखी ३४ लाखांचा मुलूख गेला. वसईला जे एकदा झाले तेच पुन्हा, मोठ्या आकड्याने.

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीला लढाई झाली. तिथे इंग्रजांच्या बाजूने दापोडीहून फोर्डची पलटण आली होती. ती तैनाती फौजेतली नव्हती. ती पेशव्याच्या नावाने उभारलेली, पेशव्याच्या रोख पगारावरची होती, फक्त अधिकारी इंग्रज होते. 'मुलखाऐवजी रोख दिले असते तर राज्य वाचले असते' असेही कुणी म्हणू नये, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

तेव्हा विनंती एवढीच की ते वाक्य दुरुस्त करून '२६ लाख उत्पन्नाचा मुलूख' असे छापावे आणि जमल्यास तहाला जोडलेली महालांची यादीही द्यावी. बाजीरावाच्या आयुष्यात ठरावीक रोख रकमेचा करार आला तो जून १८१८ मध्ये, कंपनीचा अधिकारी माल्कम याच्या स्वाधीन झाल्यावर : वर्षाला ८ लाख, मुक्काम बिठूर. देणारी कंपनी होती, मुलूखही तिच्याकडेच होता. जानेवारी १८५१ मध्ये बाजीराव वारला आणि त्याचे दत्तक पुत्र नानासाहेब यांना ते ८ लाख मिळाले नाहीत.

आपला,
एक वाचक, सातारा