‘परत घेणार नाही’ या ओळीचा उपयोग किती?

संपादक महोदय,

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की मुंबईतल्या माळ्यांवरचे मिक्सर, कॅमेरे आणि जुने फोन ऑनलाइन जाहिरातींत उतरतात. त्यांखाली एक ओळ ठरलेली : ‘वस्तू आहे तशी, परत घेणार नाही.’ एवढे लिहिले की विकणाऱ्याला आपण सुटलो असे वाटते. वाद झाला की मात्र ही ओळ फारशी कामी येत नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम १५ प्रमाणे वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाबरहुकूम असावा लागतो, आणि ऑनलाइन विक्री ही वर्णनावरचीच विक्री. ‘उत्तम स्थितीत’ लिहून चिरलेल्या झाकणाचा मिक्सर पाठवला, तर पैसे परत मागणाऱ्याचे चूक नाही. ‘झाकणाला २ सेंमी चीर, तिसऱ्या वेगावर आवाज करतो, मोठे भांडे नाही’ असे लिहिले असेल, तर त्याच कारणावरून भांडणाऱ्याची बाजू लंगडी पडते. दोष लपवून मिळणारे चारशे रुपये परतीच्या कुरिअरमध्येच जातात.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांचा धाकही हल्ली सरसकट घातला जातो. घरातली एखादी वस्तू कधीमधी विकणारी व्यक्ती त्या नियमांत येत नाही. नेमाने, धंदा म्हणून विकणारा येतो. दर शुक्रवारी चोरबाजारातून माल उचलून ऑनलाइन विकणाऱ्याने ‘मी काय दुकानदार आहे का?’ असे म्हणू नये.

खरा पेच पडतो तो परत आलेली वस्तू तीच आहे का, इथे. फोन असेल तर *#०६# दाबून येणारा १५ अंकी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, पडद्यावर, खोक्यावर आणि बिलावर एकच असल्याचा फोटो पाठवण्यापूर्वीच काढावा. पण आयएमईआय तोच राहून आतली बॅटरी किंवा डिस्प्ले बदललेला असू शकतो. त्यावर रिपेअरवाल्यांची जुनी युक्ती आहे : तळाच्या स्क्रूवर नखपॉलिशचा ठिपका, अर्धा स्क्रूवर आणि अर्धा बॉडीवर. स्क्रू फिरला की ठिपका तुटतो. त्याचा जवळून फोटो काढून तो खरेदीदारालाही पाठवावा, म्हणजे मोहही होत नाही. फोन रीसेट करण्याआधी आपले गूगल किंवा ॲपल खाते काढावे, हे बहुतेकांना ठाऊक असते. परत घेताना खरेदीदाराला त्याचे खाते काढायला लावणे मात्र हमखास विसरते. मग पैसेही गेलेले आणि हातात कुलूपबंद फोन.

कॅमेऱ्याच्या लेन्सचे भांडण मुंबईत बुरशीवरून होते. पावसाळ्यातल्या दमट हवेत कपाटात बंद लेन्सला ती धरतेच. ॲपर्चर (प्रकाश आत सोडणारे छिद्र) पूर्ण उघडून मागून टॉर्च मारावी आणि समोरून फोटो काढावा. बुरशीचे धागे असतील तर दिसतात. कुरिअरच्या चार दिवसांत ती उगवत नाही, एवढे दोघांनीही लक्षात ठेवावे.

मोडतोड बऱ्याचदा परतीच्या प्रवासात होते, कारण खरेदीदाराने थर्माकोल टाकून दिलेला असतो. म्हणून खोके वाद मिटेपर्यंत ठेवायला आधीच सांगावे. पाच थरांचे खोके, चारी बाजूंना, वर आणि खाली निदान ५ सेंमी भराव, मिक्सरची भांडी आणि मायक्रोवेव्हची काचेची तबकडी वेगळी गुंडाळलेली, पावसाळ्यात आतून प्लास्टिकची पिशवी. फ्रंट लोड वॉशिंग मशीन टेम्पोतून न्यायचे तर ड्रम जखडून ठेवणारे मागचे ट्रान्झिट बोल्ट बसवलेच पाहिजेत. ते नसले तर ड्रम हेलकावे खाऊन त्याचे आधार निखळतात आणि दोष विकणाऱ्याच्या माथी येतो. बंद खोक्याचे वजन करून लिहून ठेवावे. परतीच्या पावतीवरचे वजन अर्धा किलो कमी असेल, तर खोके उघडण्याआधीच सावध व्हायला हवे.

परतीचे कुरिअर शक्यतो विकणाऱ्यानेच बुक करावे, कारण भरपाईचा दावा सहसा बुक करणाऱ्यालाच करता येतो. किंमत जाहीर करून विमा उतरवला नसेल, तर पावतीमागच्या बारीक अक्षरांतली भरपाई नाममात्र असते. जुन्या वस्तूला आणि काचेला विमा मिळतो का, हे बुकिंगच्या वेळीच विचारावे. फाटके खोके घेताना सहीशेजारी ‘खोके फाटलेले, आतील वस्तू तपासलेली नाही’ असे लिहावे आणि त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवावे. रस्तामार्गे मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्यात दाव्याआधी बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस लागते, पण कंपन्यांच्या स्वतःच्या मुदती त्याहून कितीतरी कमी असतात. खोके उघडतानाचे चित्रण एकसलग हवे : आधी पत्त्याचे लेबल, मग सहाही बाजू, मग पट्टी कापणे, मग नंबर आणि ठिपका. मध्ये कॅमेरा बंद झाला की त्या चित्रणाला अर्थ उरत नाही.

रिफंड तपासणीनंतरच, आणि पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात. ‘भावाच्या नंबरवर टाका’ म्हणणाऱ्याला नकार द्यावा. मूळ खातेदार उद्या पुन्हा मागू शकतो. दोष किरकोळ असेल तर वस्तू परत फिरवण्यापेक्षा थोडी रक्कम देणे परवडते. ४,५०० च्या ओव्हनवर ६०० देऊन वाद मिटत असेल तर जरूर मिटवावा, मात्र ‘या रकमेत व्यवहार पूर्ण झाला, आणखी मागणी नाही’ एवढे खरेदीदाराकडून चॅटवर लिहून घ्यावे आणि यूपीआय व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक त्याखाली टाकावा.

चिडलेला खरेदीदार कधी थेट १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो आणि विकणाऱ्याच्या बँक खात्यातली तेवढी रक्कम अडकते. त्याला चॅटवर शिव्या देऊन ती सुटत नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, दोषांचे फोटो, वजनाची पावती आणि ‘वस्तू पाठवा, तपासून पैसे देतो’ हा आपला तारखेसह निरोप एवढे कागद घेऊन आधी बँकेत जावे, तक्रारीचा क्रमांक आणि पोलीस ठाणे विचारावे, आणि तीच फाईल तपास अधिकाऱ्याकडे देऊन पोच घ्यावी.

– एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई