गोळी बंद का करायची नाही

पुणे,
रविवार

प्रिय सुनंदा,

तुझ्या सेंटरवरच्या त्या रिक्षावाल्या दादांचा प्रश्न अगदी रास्त आहे. रिपोर्टमध्ये एचआयव्हीचा व्हायरस दिसतच नाही, तर रोज गोळी कशाला? ‘डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून’ एवढ्यावर त्यांची बोळवण करू नकोस. खरं कारण ऐकायचा त्यांना हक्क आहे. एम.एस्सी.च्या मुलांना मी दरवर्षी हेच शिकवते आणि दरवर्षी नव्याने थक्क होते.

एचआयव्ही स्वतःच्या आरएनएचा डीएनए करतो आणि तो आपल्या पेशीच्या डीएनएमध्ये कायमचा घुसवतो. पुढे त्याच्या जनुकांची नक्कल पेशीचंच यंत्र काढतं. पण सुरुवातीला ते यंत्र आरएनएची जेमतेम 60 अक्षरं लिहून गळून पडतं. कधीतरी एखादी नक्कल पूर्ण होते, त्यातून ‘टॅट’ नावाचं प्रथिन बनतं. टॅट त्या पहिल्या 60 अक्षरांच्या वळशाला चिकटतं, पेशीचीच मदतनीस प्रथिनं ओढून आणतं आणि यंत्र शेवटपर्यंत धावू लागतं. जितकं टॅट तितक्या नकला, आणि जितक्या नकला तितकं पुन्हा टॅट.

तरीही नवे विषाणू लगेच बनत नाहीत. न कापलेला आरएनए पेशी केंद्रकाबाहेर सोडत नाही, आणि विषाणूला तर 9,000 हून जास्त अक्षरांचा अख्खा आरएनए बाहेर हवा असतो. म्हणून आधी फक्त कापून जोडलेले छोटे तुकडे बाहेर पडतात. त्यातून टॅटसोबत ‘रेव्ह’ नावाचं प्रथिन बनतं. रेव्ह पुरेसं साठलं की ते केंद्रकात परत जातं आणि अख्खा आरएनए बाहेर काढतं. कवचाची प्रथिनं त्यानंतर बनतात. सगळी मिळून 9 जनुकं, पण क्रम किती चोख!

आता दादांच्या प्रश्नाकडे येते. काही टी-पेशी, म्हणजे एचआयव्ही ज्यांत शिरतो त्या रोगप्रतिकारक पेशी, संसर्गानंतर विश्रांतीत जातात. तिथे यंत्र सुरू करणारी पेशीची प्रथिनं फारशी नसतात, म्हणून टॅट नाही आणि टॅट नाही म्हणून सगळं गप्प. गोळ्या नव्या पेशींना होणारी लागण थांबवतात. डीएनएत शिरून बसलेल्या विषाणूला त्या हात लावू शकत नाहीत. रक्ताच्या तपासणीतही तो दिसत नाही. उपचार चालू असताना असा साठा निम्मा व्हायलाच सुमारे 44 महिने लागतात. गोळी थांबली की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा रक्तात दिसू लागतो.

भारतात बहुतांश ‘सी’ उपप्रकार आढळतो. त्याच्या सुरुवातीच्या नियंत्रक भागात एनएफ-कप्पा-बी या यंत्र सुरू करणाऱ्या प्रथिनाला चिकटायच्या जागा सहसा 3 असतात, पाश्चात्त्य देशांतल्या ‘बी’मध्ये 2. म्हणूनच आपल्याकडचा विषाणू आपणच अभ्यासला पाहिजे, असं मला फार वाटतं. भोसरीला 1992 पासून एड्स संशोधन संस्था आहे याचं मला मोल वाटतं ते यासाठीच.

दादांना आणखी एक नक्की सांग. रोज गोळी घेऊन रक्तातला विषाणू सापडेनासा राहिला, तर शरीरसंबंधातून बायकोला लागण होत नाही. जमलं तर पुढच्या खेपेला वहिनींनाही बोलावून घे आणि दोघांसमोर बोल. त्यांनी आणखी काय विचारलं ते मला सविस्तर लिही.

तुझी,
वृंदा