खुलं पत्र: आमच्या अकरा बायकांना सहकारी संस्था काढायचीय, साहेब

माननीय सहकारमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी कोपरखैरण्यात राहते, सहा वर्षं आमच्या हाउसिंग सोसायटीची सेक्रेटरी आहे, पण आज सोसायटीचं गाऱ्हाणं नाही. आमच्या मागच्या माथाडी वस्तीत अकरा बायका पोळी-भाजीचं काम करतात, त्यांच्यासाठी लिहितेय. सगळ्या साताऱ्याकडच्या, नवऱ्यांनी मार्केटला पाठीवर गोणी वाहिल्या आणि या पहाटे साडेचारला कणीक मळायला बसतात, महाप्याच्या ऑफिसांत डबे जातात.

त्यांच्याकडे दारामागच्या खिळ्याला दोरीने बांधलेली एक शंभरपानी वही आहे. रोज प्रत्येकीच्या नावापुढे तिच्या पोळ्यांचा आकडा लिहायचा, महिनाअखेरीला पीठ, गॅस, खोलीचं भाडं वजा करून जे उरेल त्यातलं थोडं डब्यात मागे ठेवायचं आणि बाकीचं त्या आकड्याप्रमाणे वाटून घ्यायचं. दिवाळीच्या आधी कणीक मळायचं मशीन घ्यायचं की नाही यावरून वाद झाला. जिने सुरुवातीला वीस हजार घातले होते ती नको म्हणत होती, आणि पाचशे घातलेली घ्या म्हणत होती. हात वर केले, सात विरुद्ध चार, मशीन आलं. वीस हजारवाली दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला कामावर हजर.

साहेब, सहकार अजून वेगळा काय असतो? १८४४ साली इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या विणकरांनी दुकान काढलं तेव्हा हेच ठरवलं होतं, जो जास्त माल घेईल त्याला नफ्यातला वाटा जास्त, पण मत प्रत्येकाला एकच. कंपनीत जितके शेअर तितकी मतं, संस्थेत माणसं मोजतात. आपल्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यातही तेच आहे, एका सभासदाला एक मत, नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीत, शेअरवर डिव्हिडंड १५ टक्क्यांच्या वर नाही. या बायकांनी कायद्याचं एक पान वाचलेलं नाही आणि वहीत तेच करतायत.

दूध संस्थेत दूध घालणारा मालक, ग्राहक भांडारात सामान घेणारा मालक, आमच्या सोसायटीत राहणारा मालक. मग पोळ्या लाटणारी का नाही? पुण्यात २००८ पासून कचरा गोळा करणाऱ्यांची 'स्वच्छ' नावाची संस्था आहे, काम करणारेच सभासद, महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलतात. म्हणजे हे आपल्याच राज्यात झालेलं आहे.

पण आम्ही नोंदणीला गेलो तिथे (कार्यालयाचं नाव घेत नाही) पहिल्याच दिवशी सांगितलं, "बाई, बचत गट काढा, संस्थेच्या फंदात कशाला पडता?" महिला औद्योगिक संस्था असा प्रकार आहे हे आम्हीच सांगितलं. मग सभासद निदान दहा वेगवेगळ्या कुटुंबांतले हवेत ही अट काढली, अकरामधल्या दोघी जावा आहेत म्हणे. अहो, त्या एका घरातल्या धरल्या तरी दहा कुटुंबं होतातच की! असे चार हेलपाटे झाले, दर वेळी नवीन कागद, आणि दर वेळी अकरा जणींचा एक दिवस बुडतो.

बचत गट वाईट नाही, त्यातूनच या एकत्र आल्या. पण आमचा गट कुठे नोंदलेला नाही म्हणून मशीनचं बिल एकीच्या नावावर, खोलीचा करार दुसरीच्या नावावर. उद्या त्यातली एखादी कायमची गावी गेली किंवा तिच्या घरात काही बरंवाईट झालं तर बाकीच्या दहा जणींनी कुणाकडे बघायचं? संस्था असली की मशीन संस्थेचं, हिशेबाचं दरवर्षी ऑडिट, सभा ३० सप्टेंबरच्या आत. एवढंच हवंय त्यांना.

आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्स बिलात दर महिन्याला सहकाराच्या शिक्षणासाठीचा निधी येतो, आम्ही भरतो. सभासदांना प्रशिक्षण द्या असं कायद्याच्या कलम २४-अ मध्येच आहे. तरी सहकार म्हटलं की लोकांना एक तर पार्किंगची भांडणं आठवतात नाहीतर बुडालेली पतसंस्था (पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखा पाच लाखांचा विमा नसतो हेही कुणी सांगत नाही, माझ्या मावशीला पैसे अडकल्यावर कळलं). त्या शिक्षण निधीतून कष्टकरी बायकांसाठी वस्तीत येऊन, संध्याकाळी, सोप्या मराठीत शिकवणारा माणूस पाठवा. प्रत्येक तालुक्याच्या कार्यालयात असं एक टेबल ठेवा जिथे सोसायटी आणि पतसंस्था सोडून इतर संस्थांचे कागद बघितले जातील, आणि काय कमी आहे ते पहिल्याच दिवशी एका यादीत लिहून मिळेल. नोंदणीचा निर्णय दोन महिन्यांत द्यायचा हे कायद्यात आहेच, ते पाळलं जातंय का ते तुम्ही स्वतः विचारा.

येत्या मंगळवारी आम्ही पाचव्यांदा जाणार आहोत. डबेवाल्या ऑफिसांना त्या दिवशी पोळ्या मिळणार नाहीत असं कळवलंय, आणि या वेळी ती वहीसुद्धा बरोबर नेणार आहोत.

आपली,
कोपरखैरण्यातली एक सोसायटी सेक्रेटरी