टॉप टेदर डिकीत लोंबकळतोय

महोदय,

लहान मुलांच्या, पुढे तोंड करून बसवायच्या कार सीटच्या पाठीतून वरच्या बाजूला एक पट्टा निघतो. त्याला टॉप टेदर म्हणतात. सीट हजारो रुपयांची असते, गाडीत लावलेलीही असते. पण हा पट्टा डिकीत लोंबकळत तरी असतो, नाहीतर घडी करून रबराने बांधलेला तरी. जोराचा ब्रेक लागला की सीट खालून धरलेली राहते आणि वरून पुढे कलंडते. पट्टा ताणून लावला, तर मुलाचे डोके साधारण १० ते १५ सेंमी कमी पुढे जाते. पुढच्या सीटची पाठ फार लांब नसते.

पट्टा अडकवायचा गाडीतला हूक मागच्या सीटच्या पाठीवर, डिकीच्या तळाशी किंवा मागच्या काचेखालच्या पार्सल ट्रेवर असतो; तिथे नांगराची खूण असते. सामान बांधायच्या कडीत पट्टा अडकवू नये, ती एवढ्या ओढीसाठी नसते. हेडरेस्ट उचलावा, सहसा त्याच्या दोन दांड्यांमधून पट्टा नेतात, आणि ढिलाई जाईपर्यंत ओढावा. काही सीटना टेदरऐवजी पुढे टेकू देणारा पाय असतो. तो गाडीच्या तळातल्या पोकळ खणाच्या झाकणावर टेकवू नये.

आयसोफिक्स, म्हणजे सीट थेट गाडीतल्या कड्यांना अडकवायची सोय, असेल तर दोन्ही बाजूंच्या खुणा हिरव्या झाल्या पाहिजेत. नसेल तर सीट बेल्टने बसवावी. दोन्ही दिशांना लावता येणाऱ्या सीटवर पुढे तोंड असताना बेल्ट लाल खुणांमधून जातो. निळ्या खुणा मागे तोंड असतानाच्या. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचे बेल्ट झटका बसल्यावरच अडकतात, एरवी सैल सुटतात. म्हणून सीटवर बेल्ट पकडणारा चिमटा असेल तर तो दाबायचाच. गुडघ्याने सीट दाबून बेल्ट ओढावा. मग बेल्ट जातो तिथे हात धरून हलवून पाहावे. अडीच सेंमीपेक्षा जास्त हलली तर पुन्हा बसवावी.

आता मूल. पुढे तोंड असताना खांद्याचे पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वरच्या खाचेतून यावेत. गळपट्टीच्या हाडापाशी पट्टा चिमटीत धरून पाहावा. घडी पडली तर अजून ढिला आहे. महाबळेश्वरच्या थंडीत जाड स्वेटरवर पट्टे आवळू नयेत. आधी पट्टे, मग वरून शाल. पाठीमागे उशी किंवा दुपटे कोंबले तरी पट्टे असेच ढिले राहतात. बकलमध्ये बिस्किटाचा चुरा गेला की 'खट्' आवाज येत नाही. तेल सोडू नका, चुरा झटकून काढा. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीतले बकल आधी हाताला लावून पाहावे.

सीट पुढे फिरवायची घाई कशाला, हाही प्रश्न आहे. 'वर्षाचा झाला की फिरवा' या समजाला कार सीटच्या जुन्या आंतरराष्ट्रीय मानकातली, आर४४ मधली, ९ किलोची अट कारण असावी. नव्या मानकात, आर१२९ मध्ये, १५ महिन्यांपर्यंत तोंड मागेच ठेवावे लागते, आणि तीही किमान मर्यादा. लेबलवरचे वजन-उंची पुरेपर्यंत मागेच ठेवावे. पाय दुमडतात ही तक्रार पालकांची असते, मुले तर खुशाल मांडी घालतात. या वयात डोके अंगाच्या मानाने जड असते आणि मान कोवळी.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब नुसार १४ वर्षांखालील मुलाला बेल्ट किंवा बालआसनाशिवाय नेले तर १००० रुपये दंड आहे. दोन वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा बेल्ट लावूनही कायद्याची अक्षरे पाळली जातात. तो बेल्ट गळ्यावर आणि पोटावर येतो, हे मात्र कायदा सांगत नाही. आणि आजीची मांडी? १२ किलोचे मूल ताशी ५० किमीच्या धडकेत क्षणभर तीनशे किलोच्या आसपास ओढ देते.

शोरूममध्ये गाडीचा ताबा देताना म्युझिक सिस्टिम, ब्लूटूथ अर्धा तास समजावतात. त्यातली दोन मिनिटे काढून टेदरचा हूक कुठे आहे, तेवढे डिकी उघडून दाखवावे, अशी वितरकांना विनंती आहे.

– कार सीट बसवून देणारे दोघे, पुणे