अर्ल हाइन्स यांची आठवण व्हावी

संपादक महोदय,

२८ डिसेंबर हा अमेरिकन जॅझ पियानोवादक अर्ल हाइन्स यांचा जन्मदिवस. १९२८ साली याच तारखेला, पंचविसाव्या वाढदिवशी, शिकागोच्या ग्रँड टेरेस कॅफेत त्यांचा वाद्यवृंद सुरू झाला. तिथून होणारी रेडिओ प्रक्षेपणे पुढे अमेरिकाभर पोहोचली. ‘फाथा’ हे त्यांचं टोपणनावसुद्धा एका रेडिओ निवेदकानेच पाडलेलं!

वडील कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं फुंकवाद्य) वाजवत, त्याचा संस्कार अर्ल यांच्या बोटांत उतरला. ध्वनिक्षेपकाची सोय नसताना गोंगाटात पियानो ऐकू यावा म्हणून ते उजव्या हाताने एकच स्वर दोन सप्तकांत एकदम वाजवत, जणू ट्रम्पेटच. ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगसोबतची त्यांची १९२८ची जुगलबंदी मी कितीदा ऐकली असेल! दोघांतलं कोण कोणाला खेचतंय तेच कळत नाही.

एका गोष्टीची मात्र कायम हळहळ वाटते. १९४३ मध्ये जॅझला नवं वळण देणारे सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर आणि ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी दोघेही हाइन्स यांच्या वृंदात होते. पण वादक संघटनेच्या ध्वनिमुद्रण बंदीमुळे त्या वृंदाची एकही तबकडी निघाली नाही.

शिकागोतच नावाजलेले पियानोवादक टेडी वेदरफर्ड पुढे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाद्यवृंद चालवत होते. १९४५ मध्ये ते कोलकात्यात कॉलऱ्याने गेले. आपल्या पुरवणीत हाइन्स आणि वेदरफर्ड या दोघांवर एखादा सविस्तर लेख यावा, ही मनापासून विनंती.

– एक वाचक, पुणे