मुरलीधर अण्णा, उभ्या राहिलेल्या विमानांचे गिअर नीट तपासून घ्या

आदरणीय मुरलीधर अण्णा मोहोळ,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री आहात आणि मराठीत लिहिलेलं तुम्हाला थेट वाचता येईल म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहितोय. मी मुंबईत हँगरमध्ये बरीच वर्षं एनडीटी केलं, म्हणजे पार्ट न तोडता त्यातली चीर शोधायची, आणि त्यातही जास्त काम लँडिंग गिअरचं, म्हणजे विमानाची चाकं आणि ती ज्यावर बसतात त्या पायांचं.

लोकांना वाटतं विमान जितकं उडेल तितकं झिजेल. फटीगचं, म्हणजे वारंवार भार येऊन धातू थकण्याचं, तसं आहे, लँडिंग मोजली की अंदाज येतो. पण स्ट्रेस कोरोजनची, म्हणजे ताण आणि गंज मिळून पडणारी, चीर विमान नुसतं उभं असतानाही वाढते, तिला फक्त सतत ताण आणि खारी ओल पाहिजे. गिअरचं स्टील प्रचंड ताकदीचं असतं आणि नेमकं असंच स्टील या चिरेला लवकर बळी पडतं, त्यात ट्रनियनच्या, म्हणजे गिअर विमानाला जोडणाऱ्या सांध्याच्या, भोकात बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, दाबून बसवलेला, म्हणजे विमान हललं नाही तरी तिथला धातू चोवीस तास ताणलेलाच. बुशच्या कडेचं सीलंट सुटलं, गंज रोखणारा कॅडमियमचा थर खरवडला गेला की पाणी आत शिरतं, आधी सुईच्या टोकाएवढा खड्डा पडतो आणि तिथून चीर सुरू. बोईंग 767 च्या मेन गिअरचा आउटर सिलिंडर, म्हणजे पायाचा बाहेरचा जाड नळा, मागच्या ट्रनियनपाशी असाच तुटला होता, 1995-96 मध्ये अमेरिकेच्या एफएएला, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाला, तपासणीचे आदेश काढावे लागले.

आपल्याकडे जेट एअरवेज 2019 च्या एप्रिलमध्ये बंद पडली, गो फर्स्ट 2023 च्या मेमध्ये, आणि कोविडमध्ये तर जवळजवळ सगळीच विमानं उभी होती. मुंबई-गोव्यासारख्या ठिकाणी उभं राहणं म्हणजे खारा वारा आणि अख्खा पावसाळा अंगावर घेणं. स्टोरेजमध्ये चाकं फिरवतात, ग्रीस भरतात, सगळं ठीक, पण बुशच्या मागचं डोळ्यांना दिसत नाही हो.

एकदा रात्री अडीचला असाच एक गिअर बघत होतो, रंग एकदम शाबूत, पण बुशच्या कडेला बारीक फुगवटा वाटला म्हणून रंग काढला, पार्ट मॅग्नेटाइज करून फ्लोरोसंट लिक्विड मारलं आणि यूव्ही लाइटखाली नखाएवढी हिरवी रेघ चमकली. सकाळी त्या विमानाला फ्लाइट लागलेली. मला वरून पहिला प्रश्न आला तो हा, की रंग काढायची गरज होती का?

अण्णा, डीजीसीएकडून, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाकडून, एवढं करून घ्या. समुद्राकाठी पावसाळाभर उभं राहिलेलं विमान परत उडायच्या आधी गिअरच्या अशा जागांचा रंग काढून एनडीटी व्हायलाच हवं, ओव्हरहॉलला, म्हणजे गिअर पूर्ण उघडून होणाऱ्या दुरुस्तीला, वर्षं बाकी आहेत म्हणून सोडू नका. एका कंपनीला चीर सापडली तर तेच विमान वापरणाऱ्या बाकीच्यांना लगेच कळलं पाहिजे. आणि एनडीटीवाल्याने वेळ मागितला तर त्याला तो मिळालाच पाहिजे, सकाळची फ्लाइट उशिरा गेली तरी चालेल.

मी पुण्यातच असतो, बोलावलंत तर जुने फोटो आणि नोंदी घेऊन येतो.

आपला,
एक निवृत्त एनडीटी टेक्निशियन