पडला नाही, उघडला

सोल, रविवार रात्र

प्रिय सुध्या,

काल नामहानसानसोंग बघून आलो. 'सानसोंग' म्हणजे आपला गिरिदुर्ग. मेट्रो, मग बस, आणि बस चक्क गडाच्या आत! तू शिव्या घालणार, माहितीये. पण नंतर तटावरून पायपीट केली हो, तट सुमारे १२ किलोमीटरचा आहे.

६७२ मध्ये सिल्ला राजवटीनं इथे किल्ला बांधला होता. आज दिसतो तो बहुतेक १६२४ ते १६२६ मधला, राजा इन्जोच्या काळातला. आणि बांधला कुणी, तर बौद्ध भिक्षूंनी! शिबंदीही त्यांचीच, गडावरच्याच मठांत राहून. चोरदरवाजे सोळा. मी एकातून वाकून बाहेर जाऊन आलो, तुझ्या वतीनं. जंग्या, म्हणजे तटातली माऱ्याची भोकं, तीन-तीनच्या गटात. मधलीला डोळा लावला तर थेट तटाचा पायथा दिसतो, बाजूच्या दोन लांबच्या माऱ्यासाठी.

१६३६ च्या ऐन हिवाळ्यात मांचूंची चिंग फौज आली. राजाला गांगह्वा बेटावर जायचं होतं, पण वाट अडली म्हणून तो इथे शिरला. बरोबर तेरा-एक हजार सैनिक आणि जेमतेम ५० दिवसांचं धान्य. गड काही पडला नाही. खरी लढाई आत, दरबारात जुंपली. मंत्री चोए म्योंगगिलनं शरणागतीचा खलिता लिहिला, दुसरा मंत्री किम सांगहोननं तो टराटरा फाडला. चोएनं तुकडे गोळा केले. म्हणाला, फाडणाराही हवा आणि जोडणाराही हवा. मी आधी किमच्या बाजूचा होतो. पण तटावर वारा असा बोचत होता, की उपाशी पहारेकरी डोळ्यांपुढे आले आणि मत डळमळलं.

तिकडे गांगह्वा पडलं, राजपुत्र शत्रूच्या हाती लागले. सत्तेचाळिसाव्या दिवशी इन्जो निळ्या कपड्यांत पश्चिम दरवाज्यानं उतरला. अपराध्याला मुख्य दरवाजा नाही! खाली नदीकाठच्या सामजोनदोला चिंग सम्राट हाँग ताइजीपुढे तीनदा गुडघे टेकले, नऊदा कपाळ जमिनीला. वर विजेत्याची स्तुती कोरलेली शिळा १६३९ मध्ये स्वतःच उभारावी लागली, चिनी, मांचू आणि मंगोल भाषांत. पुढे लोकांनी लाजेनं ती पुरली, ती पुन्हा वर आली.

पश्चिम दरवाजा छोटासाच आहे. घोड्यावरून उतरल्याशिवाय जमायचं नाही, असं वाटलं. तिथून खाली सोल पसरलेलं दिसतं, मध्ये तो १२३ मजली लोत्ते टॉवर. शिळा आता त्याच्याच पायथ्याच्या तळ्याकाठी आहे. माझ्या शेजारची पोरं टॉवरसोबत सेल्फी काढत होती. मीही एक काढला, सोबत पाठवतोय.

तुझा,
अव्या